वाइंडिंग भरण्याआधी तेल बघा

नवी मुंबईच्या महापे, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात सबमर्सिबल पंपांच्या दुरुस्तीचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी हे. जळालेला पंप आला की सगळे वाइंडिंगकडे, म्हणजे मोटरमधल्या तारांच्या गुंडाळीकडे, धावतात. पण पाणी आत कुठून शिरलं हे शोधलं नाही, तर नवीन वाइंडिंगही तसंच जळणार.

पंप आल्या आल्या धुवायला घेऊ नका, खुणा जातात. केबल पॅनेलपासून सोडवलेली आहे याची खात्री करून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायचं मीटर) फेज ते अर्थ रीडिंग घ्या. 1 मेगाओहमच्या खाली आलं तर पंप चालवून बघायचा नाही. मग मोटर आणि पंपाच्या मधल्या ऑइल चेंबरचा प्लग सावकाश सैल करा, तोंड बाजूला ठेवून. आत दाब असू शकतो. थोडं तेल काचेच्या ग्लासात घ्या. दुधाळ दिसलं तर आधी खालच्या मेकॅनिकल सीलवर (शाफ्टभोवती पाणी अडवणारं सील) संशय घ्या. तेल स्वच्छ आणि मोटरमध्ये पाणी, तर केबल ग्लँड (केबल आत शिरते तिथलं सील) आणि वरच्या ओ-रिंग (रबरी कड्या) बघा. केबलचं आवरण चिरलं असेल तर तांब्याच्या तारांमधून ओल थेट टर्मिनलपर्यंत पोचते. गाळाच्या पाण्यात सीलचे दोन्ही फेस (एकमेकांवर घासणारे पृष्ठभाग) सिलिकॉन कार्बाइडचे घ्या. कार्बनचा फेस वाळू लवकर खाते. बसवताना फेसला बोट लावू नका.

आता इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं पात्यांचं चाक. प्रवाहाच्या दिशेने गुळगुळीत चर पडले असतील तर ते वाळूचं काम. पात्यांवर इनलेटजवळ स्पंजसारखे खड्डे असतील तर कॅव्हिटेशन, म्हणजे पाण्यात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याचा मार. तिथे आधी पाण्याची पातळी आणि पंपाची निवड तपासा, नुसतं कोटिंग टिकत नाही.

बिडाची केसिंग (पंपाचं बाहेरचं कवच) स्क्रूड्रायव्हरने खरवडून बघाच. पेन्सिलच्या शिशासारखा काळा, मऊ थर निघाला तर लोखंड विरघळून ग्राफाइट उरलंय. आकार शाबूत दिसतो, ताकद गेलेली असते. खोलवर तसंच लागलं तर केसिंग बदला.

खाडीच्या खाऱ्या पाण्यात 304 स्टीलला बारीक खड्डे पडतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असल्यामुळे ते जास्त टिकतं, तरी बोल्टच्या डोक्याखाली साचलेलं पाणी त्यालाही खातं. झिंक अॅनोड (पंपाऐवजी स्वतः झिजणारा जस्ताचा तुकडा) लावणार असाल तर त्याखालचा धातू उघडा हवा. अॅनोडवर रंग लागला की तो निकामी.

इपॉक्सी कोटिंगआधी गोड्या पाण्याने मीठ धुवून वाळवा, मग सँडब्लास्टिंग, आणि गंज परत धरायच्या आत पहिला हात. पावसाळ्यात इथे हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या वर गेली की थांबा. धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली ओल दव बनून जमते) किमान 3 अंश सेल्सिअस जास्त हवं. सीलची बैठक, वेअर रिंग (इम्पेलरभोवतीची झिजायची कडी) आणि आटे मात्र टेपने झाकून घ्या.

जोडताना तेल काठोकाठ भरू नका, गरम झाल्यावर फुगायला जागा हवी. शाफ्ट हाताने फिरवा, पुन्हा मेगर लावा आणि रीडिंग जॉब कार्डवर लिहा.