चुंगकिंग मॅन्शन्समध्ये खोली घेताना

हाँगकाँगच्या नेथन रोडवरील चुंगकिंग मॅन्शन्स या १७ मजली इमारतीत स्वस्त, घरगुती स्वरूपाची गेस्ट हाउस दाटीवाटीने वसलेली आहेत. आरक्षण करताना नावाबरोबर ब्लॉकचे अक्षर (ए ते ई) आणि मजलाही टिपून ठेवावा, कारण प्रत्येक ब्लॉकच्या दोन छोट्या लिफ्टपैकी एक सम आणि दुसरी विषम मजल्यांवर थांबते, आणि सामानासह चुकीच्या रांगेत ताटकळणे फारच तापदायक ठरते. पैसे देण्यापूर्वी दाराशी सरकारी परवाना लावलेला आहे ना, हे पाहावे आणि खोली उघडून घ्यावी. पलंगाखाली बॅग सरकते का, खिडकी (असलीच तर) उघडते का, हे तपासावे. शॉवर बहुधा कमोडच्या डोक्यावरच असतो, त्यामुळे आंघोळीपूर्वी टॉयलेट पेपर आठवणीने बाहेर ठेवावा.