अल वथबाच्या पाणथळीवर पक्षी कसे पाहावेत

अबुधाबी शहराच्या आग्नेयेला सुमारे ४० किलोमीटरवर अल वथबा पाणथळ राखीव क्षेत्र आहे. मफरक येथील सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे जास्तीचे पाणी सखल, खारट जमिनीवर येऊ लागले आणि वाळवंटात हे तळे साचले. १९९८ मध्ये मोठ्या रोहित पक्ष्यांनी, म्हणजेच ग्रेटर फ्लेमिंगोंनी, येथे यशस्वीपणे पिल्ले वाढवली आणि त्याच वर्षी संयुक्त अरब अमिरातीचे तत्कालीन राष्ट्राध्यक्ष शेख झायेद यांनी या जागेला संरक्षण दिले. २०१३ मध्ये तिचा रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, समावेश झाला. क्षेत्र जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे आणि बनियास, मुसफ्फा यांसारख्या वस्त्या व कारखाने भोवताली वाढत आहेत. उडवून लावलेल्या थव्याला दुसरीकडे उतरायला जागा फारशी उरलेली नाही, हे मनात ठेवूनच येथे पाऊल टाकावे.

हे क्षेत्र हिवाळी हंगामात आणि ठरावीक दिवशीच खुले असते, म्हणून निघण्यापूर्वी क्षेत्राची देखरेख करणाऱ्या ‘पर्यावरण संस्था, अबुधाबी’ यांचे चालू वेळापत्रक पाहावे. नकाशावर ‘अल वथबा’ एवढेच शोधल्यास जीवाश्म वाळूटेकड्यांकडे जाणारा रस्ताही पुढे येतो. ते ठिकाण वेगळे आहे. स्वतःची गाडी असणे सोयीचे, मात्र हिवाळ्यातील पहाटे या भागात दाट धुके पडत असल्यामुळे वेळ हाताशी ठेवून निघावे.

दार उघडताच आत जाणे सर्वांत चांगले. ऊन चढले की खारट जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि कितीही चांगल्या दुर्बिणीतून दूरचे पक्षी विरघळल्यासारखे दिसतात. ८×४२ ची, म्हणजे आठपट मोठे दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, दुर्बीण पुरेशी आहे. टेलिस्कोप असल्यास अवश्य न्यावा, कारण रोहितांचे थवे बहुधा काठापासून लांब असतात. मळकट रंगाचे कपडे, टोपी आणि भरपूर पाणी सोबत असावे.

आत गेल्यावर लगेच पक्षी शोधू नयेत. आधी पाणी कुठे कसे आहे ते न्याहाळावे. खारट, उघड्या पाण्यात आर्टेमिया नावाचे बारीक कोळंबीसारखे जीव वाढतात आणि रोहित चोच उलटी करून तेच गाळून खातात. त्यांचा गुलाबी रंगही अशा खाद्यातील रंगद्रव्यांतूनच येतो. उथळ चिखलाच्या कडेला शेकाटे आणि चिखल्या हे पक्षी धावताना दिसतील. बोरूच्या, म्हणजे उंच पाणगवताच्या, दाट झुबक्यांपाशी मात्र थांबावे लागते, कारण तेथले पक्षी आधी आवाजानेच कळतात. पाण्यावरचे सगळे पक्षी एकदम उठले, तर वर पाहावे: दलदलीवर घिरट्या घालणारा शिकारी पक्षी, मार्श हॅरियर, बहुधा तेथे असतो.

ठाण्याच्या खाडीत रोहित पाहिलेल्यांनी चोचीकडे नीट लक्ष द्यावे. खाडीत मोठ्या संख्येने येणाऱ्या छोट्या रोहिताची चोच गडद तांबडी असते, तर येथील मोठ्या रोहिताची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असते. थव्यातील करडे पक्षी वेगळ्या जातीचे नसून त्याच वर्षी किंवा आदल्या वर्षी जन्मलेली पिल्ले असतात.

आखलेली पायवाट कधीही सोडू नये. मिठाचा पापुद्रा वरून टणक दिसला तरी खाली ओला चिखल असतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, रोहिताची मादी चिखलाच्या उंचवट्यावर एका वेळी एकच अंडे घालते. माणूस जवळ आल्याने घरटे सोडले गेले, तर त्या जोडीची त्या हंगामाची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. थव्यातील पक्ष्यांनी खाणे थांबवून माना ताठ केल्या आणि ते एकाच दिशेने चालू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत असे समजून शांतपणे मागे सरावे. छायाचित्र हुकले तरी चालेल.

एखाद्या रोहिताच्या पायात अभ्यासकांनी ओळखीसाठी घातलेले रंगीत कडे दिसल्यास त्याचा रंग, त्यावरील अक्षरे आणि ते कोणत्या पायात आहे हे तारखेसह टिपून घ्यावे व तेथील कर्मचाऱ्यांना कळवावे. इराणच्या उर्मिया सरोवरावर कडी घातलेले रोहित आखातात येतात हे अशाच नोंदींमुळे समजले आहे.