राहिलेलं सेवा मेडल मागायचंय? आधी रेकॉर्डमध्ये काय लिहिलंय ते मागा

१९७१ ची लढाई, १९८७ ते १९९० मधली श्रीलंका, १९९९ चं कारगिल. माणूस तिथं होता, रिटायर होऊन घरी आला, पेन्शन सुरू झालं, मेडल मात्र आलंच नाही. त्यात नवल काही नाही. मेडलं तयार होऊन येईपर्यंत युनिट हललेलं असतं, क्लार्क बदललेला असतो, माणूस गावी गेलेला असतो. मग २६ जानेवारीला शाळेत झेंडावंदनाचं बोलावणं येतं आणि कोटावर लावायला काय आहे, याची शोधाशोध सुरू होते.

अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘थेट संरक्षणमंत्र्यांना लिहा’. लिहू नका. ते पत्र दिल्लीत टेबलं फिरून शेवटी तुमच्याच रेकॉर्ड ऑफिसात (रेजिमेंटच्या सैनिकांचे सेवा-कागद ठेवणाऱ्या कार्यालयात) येतं, फक्त काही महिने उशिरा. दुसरा सल्ला छावणीतल्या दुकानातून विकत घेण्याचा. दुकानातलं मेडल दिसायला हुबेहूब असतं, पण खऱ्या मेडलच्या कडेवर नंबर, रँक आणि नाव कोरलेलं असतं. ते दुकानदाराकडे मिळत नाही.

मागता येतं ते आणि न येणारं

शौर्यपदक अर्ज करून मिळत नाही. परमवीर चक्रापासून सेना मेडलपर्यंत सगळ्यांना त्या वेळच्या कमांडरची शिफारस लागते. लाँग सर्व्हिस अँड गुड कंडक्ट आणि मेरिटोरियस सर्व्हिस ही मेडलंही शिफारशीवर मिळतात, नुसती वर्षं भरून नाही. त्यांच्यामागे लागून वेळ घालवू नका.

मागता येतात ती हक्काची मेडलं. ठरलेल्या काळात ठरलेल्या भागात नोकरी केली किंवा ठरलेली वर्षं भरली की ती लागू होतात. १९६५ चं समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ चं पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलचं ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल, रिबनवर ‘श्रीलंका’ लिहिलेली धातूची पट्टी असलेलं स्पेशल सर्व्हिस मेडल, सैन्य सेवा, विदेश सेवा, हाय अल्टिट्यूड, सियाचीन, आणि ९, २० व ३० वर्षांची सेवा मेडलं. अर्जात ‘सेना मेडल’ आणि ‘सैन्य सेवा मेडल’ यांची गल्लत करू नका. पहिलं शौर्याचं किंवा विशेष कामगिरीचं, दुसरं खडतर भागातल्या नोकरीचं. चुकीचं नाव घातलं की सरळ नकार येतो. स्टार आणि मेडल यांतही असाच फरक आहे. स्टार प्रत्यक्ष लढाईच्या भागातल्यांना, मेडल त्याहून मोठ्या घेरातल्यांना.

पत्र कुठं पाठवायचं

ज्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसातून डिस्चार्ज झाला, तिथंच. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, महार रेजिमेंटचं सागरला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, सिग्नल्सचं जबलपूरला, गार्ड्सचं कामठीला. राष्ट्रीय रायफल्समध्ये नोकरी झाली असली तरी कागद मूळ रेजिमेंटकडेच असतात. नौसैनिकांनी मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सला लिहावं, वायुसैनिकांनी दिल्लीत सुब्रतो पार्कच्या रेकॉर्ड ऑफिसला.

सोबत डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांची झेरॉक्स, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), माजी सैनिक ओळखपत्र आणि आधार. पत्र हिंदीत किंवा इंग्रजीत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुढे पाठवलं तर उत्तम, तिथल्या जावक क्रमांकाचा पुढे उपयोग होतो. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा, आधारवर वेगळं असलं तरी. नंबरामागे इंग्रजी अक्षर असेल तर तेही घाला, ते गळालं तर फाइल सापडत नाही.

पहिल्या पत्रात मेडल मागायचं नाही

बहुतेकांचं काम इथंच अडतं. ‘मी १९७१ च्या युद्धात होतो, मला मेडल द्यावे’ असं लिहिलं की ‘नोंदीनुसार आपण पात्र नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं आणि माणूस हात टेकतो. क्लार्कने काही लबाडी केलेली नसते. त्याच्यासमोर शीट रोल, म्हणजे तुमच्या नोकरीच्या नोंदींचा कागद असतो, त्यात मेडलच्या रकान्यात नोंद नसते, तो तेवढंच कळवतो. म्हणून पहिल्या पत्रात तीनच गोष्टी मागा: शीट रोलची प्रत, मेडलच्या प्रत्येक नोंदीचा पार्ट टू ऑर्डर (युनिट जवानांच्या नोंदी ज्यात छापतं तो आदेश) क्रमांक आणि तारीख, आणि ते मेडल कधी, कसं, कुणाच्या सहीने दिलं याचा तपशील.

साध्या पत्राला उत्तर आलं नाही तर हेच माहितीच्या अधिकारात विचारा. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत. आपल्याच नोकरीची माहिती मागतोय हे स्पष्ट लिहा आणि ओळखपत्राची प्रत जोडा, नाहीतर खासगी माहिती म्हणून अर्ज फेटाळला जातो.

उत्तर तीन तऱ्हांचं येतं आणि प्रत्येकाला पुढचं पत्र वेगळं लागतं.

नोंद आहे, मेडल दिलेलं नाही: हे सगळ्यात सोपं. आता मेडल मागा. ‘स्टॉक नाही’ असं उत्तर आलं तर मागणी नोंदवून तिचा क्रमांक घ्या.

दिल्याची नोंद आहे, पण हातात आलेलं नाही: इथं एक घोडचूक होते. कुणीतरी सांगतं, मेडल हरवल्याचं प्रतिज्ञापत्र करून टाका. ते केलंत की मेडल मिळालं होतं हे तुम्हीच कबूल केलं. मग तुमची केस फुकटच्या पहिल्या मेडलची राहत नाही, पैसे भरून घ्यायच्या दुसऱ्या प्रतीची होते, आणि पोलिसांचा दाखला वगैरे मागे लागतो. न मिळालेलं मेडल हरवलं म्हणून कधीही लिहू नका. पोचपावतीच्या रोलवरची सही किंवा रजिस्टर पार्सलचा क्रमांक मागा. युनिटला एकगठ्ठा पाठवलेली, माणूस पेन्शनवर गेल्याने परत आलेली पार्सलं असतात, त्यांचाही तपास करायला सांगा.

नोंदच नाही: खरी गाठ इथं आहे. तुम्ही तिथं होता याने मेडल मिळत नाही, तुम्ही तिथं होता हे युनिटने पार्ट टू ऑर्डरमध्ये छापलं असेल तर मिळतं. युनिटने छापलं नाही, किंवा छापलं पण रेकॉर्ड ऑफिसात शीट रोलवर चढलं नाही, या दोन वेगळ्या चुका आहेत. दुसरी दुरुस्त करायला एक क्लार्क पुरतो. पहिलीसाठी पुरावा जमवावा लागतो.

पुरावा म्हणजे फोटो नव्हे. बंकरसमोरचा ग्रुप फोटो, घरी पाठवलेली आंतरदेशीय पत्रं, सरपंचाचा दाखला यांनी रेकॉर्ड ऑफिसचं पान हलत नाही. साथीदाराच्या प्रतिज्ञापत्रालाही एकट्याने फारसं वजन नाही. त्याच साथीदाराच्या शीट रोलवरचा पार्ट टू ऑर्डर क्रमांक मात्र सोन्याच्या मोलाचा. युनिट एका ऑर्डरमध्ये अनेकांची नावं छापतं. त्याच कंपनीतल्या, त्याच काळातल्या माणसाला मेडल मिळालेलं असेल तर त्याचा क्रमांक आणि तारीख घ्या आणि तुमच्या पत्रात लिहा: ‘या ऑर्डरमध्ये माझे नाव आहे का ते तपासावे, नसल्यास वगळण्याचे कारण कळवावे.’ नुसत्या ‘पात्र नाही’ने या प्रश्नाचं उत्तर होत नाही, कुणाला तरी जुनी फाइल काढावी लागते.

मग शीट रोलमधल्या पोस्टिंगच्या तारखा बघा. कुठल्या युनिटच्या हजेरीवर कधी आलात, कधी उतरलात, हे तिथं असतं. ते युनिट त्या तारखांना कुठं होतं ते जुळवा आणि एका कागदावर तीन रकाने करा: तारखा, युनिट, जागा. चौथ्या रकान्यात त्या काळात मिळालेला फील्ड किंवा हाय अल्टिट्यूड भत्ता लिहा. भत्त्याचाही पार्ट टू ऑर्डर निघालेला असतो. उंचावरचा भत्ता घेतला आणि उंचावरचं मेडल नाही, असं दिसलं की रेकॉर्ड ऑफिसलाच उत्तर द्यावं लागतं.

अटॅचमेंटवर असलेल्यांची पंचाईत जास्त. ड्रायव्हर, सिग्नलमन, नर्सिंग असिस्टंट, स्वयंपाकी अशी माणसं कागदावर एका युनिटची आणि प्रत्यक्षात दुसऱ्याबरोबर पुढे गेलेली. मूळ युनिटने छापलं नाही कारण माणूस समोर नव्हता, दुसऱ्याने छापलं नाही कारण माणूस आपला नव्हता. अशांनी मूव्हमेंट ऑर्डर, हॉस्पिटलचा कागद, जखमी झाला असाल तर बॅटल कॅज्युअल्टीची नोंद, यांतलं काहीही शोधावं आणि पत्रात दोन्ही युनिटांची नावं घालावीत.

दिवस मोजताना काटेकोर राहा. प्रत्येक मेडलची अट वेगळी. कुठं एक दिवसही पुरतो, हाय अल्टिट्यूडला २,७०० मीटरच्या वर १८० दिवस लागतात. रजा आणि हॉस्पिटलमधले दिवस धरतात का, हे अंदाजाने ठरवू नका. त्या मेडलच्या अधिसूचनेची प्रत मागून घ्या. आठ-दहा दिवस कमी पडत असतील तर कितीही पत्रं लिहून उपयोग नाही.

एक मर्यादा मात्र आहे. पेन्शन नसलेल्यांची सेवा-कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट करतात. मागे राहतो तो लाँग रोल, म्हणजे भरती झालेल्यांचं रजिस्टर, आणि त्यात जुजबी माहितीच असते. तुमची केस तशी असेल तर घरातलं डिस्चार्ज बुक हाच शेवटचा पुरावा. मूळ प्रत कुणालाही पोस्टाने पाठवू नका.

माणूस हयात नसेल तर

रेकॉर्डमध्ये वारस म्हणून जिचं किंवा ज्याचं नाव आहे त्याच्या सहीने अर्ज. पत्नी हयात असताना मुलाने परस्पर लिहू नये. पत्नीही नसेल तर मृत्यूचे दाखले, वारस दाखला आणि बाकी भावंडांची ना हरकत सुरुवातीलाच जोडा.

पाठपुरावा

प्रत्येक पत्र स्पीड पोस्टाने, आधीच्या पत्राचा क्रमांक घालून. फोनवर ‘होऊन जाईल’ म्हणाले तर त्याला किंमत शून्य. अडलं तर केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद करा, तिथल्या तक्रारीला लेखी उत्तर द्यावं लागतं. स्पर्शवर करू नका, ते पेन्शनचं आहे. कारणांसह अंतिम नकार आला आणि तुमचा रकान्यांचा कागद भक्कम असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. नकाराच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत लक्षात ठेवा.

पार्सल आल्यावर

सही करण्याआधी डबी उघडता येत नाही, पण उघडल्यावर लगेच मेडलची कड उजेडात धरून नंबर आणि नाव अक्षर न् अक्षर वाचा. पट्टीचं मेडल असेल तर पट्टी आहे का बघा, ती बऱ्याचदा राहून जाते. चूक असेल तर रिबनला टाके घालायच्या आधी परत पाठवा.