हेक, सीएचओ पेशींतून प्रोटीन मिळत नाही? या चुका टाळा

हेक (माणसाच्या भ्रूणाच्या मूत्रपिंडापासूनच्या) किंवा सीएचओ (चिनी हॅमस्टरच्या अंडाशयाच्या) पेशींत प्रोटीन बनवायला घेतलं. ट्रान्सफेक्शन झालं, म्हणजे त्या प्रोटीनचा डीएनए पेशींत घातला, पाच-सहा दिवस फ्लास्क शेकरवर फिरले आणि वेस्टर्न ब्लॉटवर (प्रोटीन ओळखायच्या चाचणीत) बँडच नाही. बहुतेक जण लगेच पीईआय (डीएनए पेशींत नेणारं पॉलिमर) आणि डीएनएचं प्रमाण बदलायला घेतात. त्याआधी प्रोटीन अडकलंय कुठे, ते बघा.

सुपरनेटंटच्या (पेशी काढल्यावर उरलेल्या द्रवाच्या) शेजारच्या लेनमध्ये पेशींचं लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) लावा. बँड लायसेटमध्येच दिसला, तर पेशी प्रोटीन बनवतायत, बाहेर सोडत नाहीत. मग सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला बाहेरची वाट दाखवणारा तुकडा) आहे का आणि रीडिंग फ्रेममध्ये (डीएनएची अक्षरं तीन-तीनच्या गटांत वाचायच्या चौकटीत) आहे का, हे सीक्वेन्सवर पाहा. ते ठीक असेल तर ट्रान्सफेक्शननंतर तापमान 37 वरून 32-33 अंशांवर आणून बघा. फोल्डिंगला (प्रोटीनची नीट घडी बसायला) उसंत मिळते. दोन्ही लेन कोऱ्या असतील तरच ट्रान्सफेक्शनवर संशय घ्या. त्यासाठी जीएफपीचा (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनचा) एक फ्लास्क दरवेळी सोबत हवाच. तो वाचवून काटकसर करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

जीएफपीसुद्धा चमकलं नाही, तर मीडियमच्या बाटलीवरची माहिती वाचा. सस्पेन्शन पेशींच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून काही मीडियममध्ये डेक्स्ट्रान सल्फेट किंवा हेपॅरिन असतं. हे ऋणभारित, पीईआय धनभारित. दोघं एकमेकांना धरून बसतात आणि डीएनए बाहेरच राहतो.

पेशी नुसत्याच मंद वाढत असतील तर मायकोप्लाझ्मा (कल्चरमध्ये शिरणारा अतिसूक्ष्म जिवाणू) तपासा. त्याने मीडियम गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन चालत नाही, आणि 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही तो निसटतो. शेजारच्या लॅबमधून मागून आणलेली व्हायल (पेशींची कुपी) मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी होईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्येच ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रासारख्या भांडारातून पेशी आणणं केव्हाही बरं.

स्थिर सीएचओ क्लोन (जनुक कायमचं बसवलेल्या पेशी) असेल तर पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवायच्या फेऱ्या) वाढतील तसं उत्पादन घसरू शकतं, विशेषतः मेथोट्रेक्झेटचा (ते जनुक टिकवायला लावणाऱ्या औषधाचा) दाब काढल्यावर. म्हणून सुरुवातीच्या पॅसेजच्या भरपूर व्हायली गोठवून ठेवा. हार्वेस्टही (प्रोटीन काढून घेणंही) लांबवू नका. मेलेल्या पेशींतले प्रोटिएज तयार प्रोटीन कुरतडतात.

आणि हिस-टॅगवाल्यांसाठी (प्रोटीनला निकेलला चिकटणारी हिस्टिडीनची शेपटी जोडणाऱ्यांसाठी): सुपरनेटंट थेट निकेल कॉलमवर ओतू नका. मीडियममधले ईडीटीएसारखे घटक निकेल ओढून घेतात आणि निळा-हिरवा कॉलम वरून पांढरा पडत जातो. आधी डायलिसिस करून (पातळ पडद्यातून लहान रेणू काढून) बफर बदला. कॉलम पांढरा पडलाच, तर फ्लो-थ्रू (कॉलमला न चिकटता खाली आलेला द्रव) फेकू नका, प्रोटीन बहुधा त्यातच असतं.