पोस्टग्रेस सोर्सवरून बिल्ड करताय? या चुका टाळा

पोस्टग्रेस या डेटाबेसची मास्टर ब्रँच गिटवरून उतरवून आपल्या मशीनवर बिल्ड करणं, म्हणजे सोर्स कोडमधून चालणारा प्रोग्राम बनवणं, वाटतं तितकं अवघड नाहीये. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, मुख्य कमांड तीनच, आणि साध्या लॅपटॉपवर पण काही मिनिटांत काम होतं. तरी लोक अडकतात, आणि माझ्या अनुभवात ते अडकतात बिल्ड पास झाल्यावर, फेल झाल्यावर नाही. फेल झालं की समोर एरर असते, ती नीट वाचली की रस्ता सापडतो. पण जुन्या आणि नव्या फाईली एकमेकांत मिसळल्या, किंवा मशीनवर आधीपासून असलेलं पोस्टग्रेस आणि आपण बनवलेलं पोस्टग्रेस यांची सरमिसळ झाली की कुठेही एरर दिसत नाही, सगळं चालतंय असं वाटतं आणि चार दिवसांनी भलतंच काहीतरी होतं ज्याचा बिल्डशी संबंध आहे हे डोक्यातच येत नाही. म्हणून सोप्या चुका पटकन उरकतो आणि या दुसऱ्या प्रकारावर जास्त लिहितो.

आधी ब्रँच बघा. मास्टर म्हणजे पुढच्या व्हर्जनचं चालू काम. बीटा टेस्ट करायचा असेल तर त्या व्हर्जनची स्टेबल ब्रँच घ्या, कारण बीटा सुरू असतानाच स्टेबल ब्रँच वेगळी निघते आणि मास्टर त्याच्या पुढच्या व्हर्जनकडे सरकते.

मग डिपेंडन्सी, म्हणजे बिल्डला लागणाऱ्या बाहेरच्या लायब्ररी आणि टूल्स. रीडलाईन सापडत नाही, झेडलिब सापडत नाही, आयसीयू (भाषेच्या नियमांनी सॉर्ट करणारी लायब्ररी) सापडत नाही असं कॉन्फिगर म्हणालं की लोक म्हणतात अरे पण इन्स्टॉल आहे की. लायब्ररी असते, तिच्या हेडर फाईली (कंपाईल करताना लागणाऱ्या व्याख्यांच्या फाईली) नसतात. उबुंटू-डेबियनवर नावाच्या शेवटी डेव्ह असलेलं पॅकेज लागतं, फेडोरावर डेव्हेल असलेलं. गिटवरून घेतलेल्या सोर्सला बायसन, फ्लेक्स आणि पर्ल हे तीन लागतातच. १६ व्हर्जनपर्यंत टारबॉलमध्ये (रिलीजच्या वेळी मिळणारं सोर्सचं गाठोडं) पार्सरच्या फाईली तयार करून ठेवलेल्या असायच्या म्हणून जुनी गाईड वाचणाऱ्यांना हे माहीत नसतं, १७ पासून टारबॉलमध्येही त्या नसतात. आणि एरर कळली नाही तर कॉन्फिग-डॉट-लॉग उघडा, ती फाईल मोठी असते पण शेवटून वर वाचत गेलात तर नेमका कुठला टेस्ट प्रोग्राम कंपाईल झाला नाही ते तिथे लिहिलेलं असतं.

सुडो वापरून मेक करू नका, हे अगदी मनापासून सांगतोय. एकदा रूटच्या मालकीच्या फाईली सोर्स फोल्डरमध्ये तयार झाल्या की नंतर साध्या युजरने मेक केलं की परमिशन डिनाईड. शिवाय इनिटडीबी (नवीन डेटा फोल्डर तयार करणारी कमांड) रूट म्हणून चालतच नाही, त्यामुळे मेक चेक (बिल्डच्या टेस्ट) पण चालत नाही. प्रीफिक्स, म्हणजे इन्स्टॉल करायचं फोल्डर, आपल्या होम फोल्डरमधलं द्या, मी पीजी-मास्टर नावाचं ठेवतो, मग सुडोची गरजच पडत नाही.

कॉन्फिगर ओरडतं, मेसॉन ओरडत नाही

१६ व्हर्जनपासून कॉन्फिगर-मेकऐवजी मेसॉन या बिल्ड टूलने पण बिल्ड करता येतं आणि ते खूप फास्ट आहे, मी स्वतः आता तेच वापरतो. पण एक फरक लक्षात ठेवा. कॉन्फिगरला आयसीयू सापडलं नाही तर ते तिथेच थांबतं, नको असेल तर विदाउट-आयसीयू असं स्पष्ट सांगावं लागतं. मेसॉनमध्ये बरेचसे ऑप्शन ऑटो असतात, म्हणजे लायब्ररी मिळाली तर घेतली, नाही मिळाली तर सोडून दिली, आणि बिल्ड व्यवस्थित पास. शेवटी एक समरी छापली जाते, कोणत्या लायब्ररीपुढे येस आणि कोणत्या पुढे नो, ती कोणी वाचत नाही.

आपल्याला मराठीवाल्यांना हे फार लागू पडतं. टेबलमध्ये काव्य, कास आणि काळ असे तीन शब्द टाका आणि सॉर्ट करा. सी लोकॅलने, म्हणजे नुसत्या बाईटच्या क्रमाने, सॉर्ट केलं तर काळ पहिला येतो, कारण युनिकोडच्या तक्त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये बसलाय. पण आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, म्हणजे बरोबर क्रम काव्य, कास, काळ. आयसीयूचं एमआर-एक्स-आयसीयू हे मराठीचं कोलेशन (सॉर्टचे नियम) लावलं की हा क्रम बरोबर मिळतो. आणि बिल्डमध्ये आयसीयू आलंच नसेल तर? तर हे कोलेशन अस्तित्वातच नाही अशी एरर येते, माणूस क्वेरीमध्ये चूक शोधत बसतो, कोट नीट दिले का, नाव बरोबर आहे का, आणि खरी चूक असते तासाभरापूर्वी न वाचलेल्या समरीत. त्यामुळे जे हवंय ते ऑटोवर सोडू नका, एनेबल्ड असं लिहून द्या, मग नसेल तर मेसॉन पण थांबतं.

याच्याच शेजारची चूक एन्कोडिंगची. डॉकर कंटेनरमध्ये बिल्ड केलं, तिथे लँग व्हेरिएबल सेट नव्हतं, इनिटडीबी केलं, की डेटाबेसचं एन्कोडिंग होतं एसक्यूएल-आस्की. डेटा टाकता येतो, परत वाचता येतो, देवनागरी नीट दिसतं पण. तपासायचं असेल तर मराठी या शब्दाची लेंग्थ विचारा. यूटीएफ-८ असेल तर उत्तर ५ येतं (म, र, काना, ठ, दुसरी वेलांटी), एसक्यूएल-आस्की असेल तर १५, कारण तो बाईट मोजतोय आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाईटचं असतं. इनिटडीबीला एन्कोडिंग आणि लोकॅल दोन्ही स्वतः सांगा.

कॉन्फिगरवाल्यांनी पण निर्धास्त राहू नये. ऑप्शनचं स्पेलिंग चुकलं तर कॉन्फिगर थांबत नाही, अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स असं एक वॉर्निंग देऊन पुढे जातं आणि ते शेकडो ओळींमध्ये वाहून जातं. असं एसएसएल राहून गेलं की मग क्लाऊडवरच्या डेटाबेसला कनेक्ट करताना कळतं की या बिल्डमध्ये एसएसएल सपोर्टच नाहीये. बिल्ड झाल्यावर पीजी-कॉन्फिगला कॉन्फिगर ऑप्शन देऊन विचारा, नेमकं काय काय देऊन बिल्ड झालं ते तो सांगतो.

गिट पुल केल्यानंतर

इथे माझी दोन संध्याकाळ गेलेली आहेत म्हणून जरा सविस्तर सांगतो. आठवडाभराने गिट पुल केलं, मेक केलं, इन्स्टॉल केलं, सर्व्हर सुरू झाला, आणि एका साध्या जॉईन क्वेरीवर सेगफॉल्ट, म्हणजे क्रॅश. मला वाटलं मास्टरमध्ये बग सापडला. बॅकट्रेस (क्रॅशच्या वेळी कोड कुठून कुठे गेला त्याची यादी) काढला, बग कळवायला मेल पण लिहायला घेतला होता, पाठवायच्या आधी म्हटलं एकदा स्वच्छ बिल्ड करून बघू, आणि क्रॅश गायब. झालं असं होतं की एका हेडर फाईलमध्ये स्ट्रक्चरला एक नवीन फील्ड आलं होतं. मी एनेबल-डिपेंड हा ऑप्शन दिलाच नव्हता, तो नसेल तर हेडर बदलल्यावर कोणत्या सी फाईली परत कंपाईल करायच्या हे मेकला कळत नाही, तो फक्त ज्या सी फाईली स्वतः बदलल्या तेवढ्याच करतो. म्हणजे अर्ध्या ऑब्जेक्ट फाईली नव्या स्ट्रक्चरच्या हिशोबाने आणि अर्ध्या जुन्या, आणि लिंकरला यातलं काही दिसत नाही.

त्यामुळे रोज मास्टर ओढणार असाल तर एनेबल-डिपेंड द्याच. मेसॉन हे आपोआप सांभाळतं. आणि काही विचित्र दिसलं, जे कालपर्यंत नव्हतं, तर बग म्हणायच्या आधी मेक डिस्टक्लीन करून सगळं नव्याने बिल्ड करा.

गिट क्लीनचा एफ-डी-एक्सवाला प्रकार पण बरेच जण सुचवतात, तो सगळ्यात स्वच्छ आहे हे खरं, पण तो गिटमध्ये न घातलेली प्रत्येक फाईल उडवतो. तुम्ही सोर्स फोल्डरमध्येच ठेवलेली पॅच फाईल, टेस्टसाठी लिहिलेलं एसक्यूएल, नोट्स, सगळं जातं आणि परत येत नाही. आधी एन ऑप्शन लावून काय काय उडणार ते बघा. आणखी एक, आधी सोर्स फोल्डरमध्येच कॉन्फिगर केलं असेल आणि आता मेसॉन वापरायचं असेल तर ते सोर्स फोल्डर स्वच्छ नाही म्हणून नकार देतं. डिस्टक्लीन करा, चालेल.

पुल केल्यानंतरची दुसरी गोष्ट म्हणजे सर्व्हर सुरूच होत नाही, डेटाबेसच्या फाईली सर्व्हरशी जुळत नाहीत असं म्हणतो. घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. सिस्टीम कॅटलॉग (पोस्टग्रेसची स्वतःची आतली टेबलं) बदलला की कमिटर लोक कॅटलॉग व्हर्जनचा आकडा पुढे नेतात. तो आकडा तारखेसारखा असतो, वर्ष, महिना, दिवस आणि शेवटी त्या दिवसातला क्रमांक, उदाहरणार्थ पोस्टग्रेस १६ चा आहे २०२३०७०७१. तुमच्या डेटा फोल्डरमधला आकडा आणि बायनरीमधला आकडा वेगळा झाला की सर्व्हर मुद्दाम थांबतो. डेव्हलपमेंटच्या काळात हे वारंवार होतं, नवीन इनिटडीबी करायचं आणि पुढे जायचं. आणि म्हणूनच मास्टरच्या बिल्डमध्ये हवा असलेला डेटा ठेवायचा नाही. टेस्टचा डेटा परत भरणारी एक स्क्रिप्ट लिहून ठेवा, दर वेळी उपयोगी पडते.

एका मशीनवर दोन पोस्टग्रेस

उबुंटूवर पॅकेजवालं पोस्टग्रेस आधीच ५४३२ पोर्टवर चालू असतं. आपला सर्व्हर सुरू केला की ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. लोक काय करतात, जुना सर्व्हर बंद करतात, त्यावर कुठलं तरी ॲप चालू असतं आणि ते पडतं. त्यापेक्षा बिल्ड करतानाच विथ-पीजीपोर्ट देऊन ५४३३ करा, कायमची कटकट मिटते.

बरं, पोर्ट बदलला तरी पीएसक्यूएल (सर्व्हरला जोडून क्वेरी चालवायचा कमांड लाईन प्रोग्राम) म्हणतं की सॉकेट फाईल सापडत नाही. सर्व्हर तर चालू आहे, लॉगमध्ये दिसतोय! इथे होतं असं की सोर्सवरून बनवलेला सर्व्हर सॉकेट ठेवतो टेम्प फोल्डरमध्ये आणि डेबियनचं पॅकेजवालं पीएसक्यूएल बघतं व्हार-रन मध्ये. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त जोडी चुकलीय. आपल्या प्रीफिक्समधलं बिन फोल्डर पाथमध्ये सगळ्यात आधी लावा आणि विच पीएसक्यूएल करून खात्री करा. कनेक्ट झाल्यावर पीएसक्यूएल आणि सर्व्हरच्या मेजर व्हर्जन वेगळ्या आहेत असं वॉर्निंग दिसलं तरी समजा की चुकीचं पीएसक्यूएल उचललं गेलंय. अनडिफाईन्ड सिम्बॉल आलं तर एलडीडी करून कोणत्या लायब्ररी लोड होतायत ते बघा, बहुतेक वेळा लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची क्लायंट लायब्ररी जुनी लोड होत असते.

एक्स्टेंशन, म्हणजे पोस्टग्रेसला जोडायचे जादा भाग, बनवताना पण हेच. तिथला मेक जो पीजी-कॉन्फिग पाथमध्ये पहिला मिळेल तो घेतो आणि त्या पोस्टग्रेससाठी बिल्ड करून तिथेच इन्स्टॉल करतो. पीजी-कॉन्फिगचा पूर्ण पाथ प्रत्येक वेळी हाताने द्या. मेजर व्हर्जन वेगळी असेल तर सर्व्हर इनकम्पॅटिबल लायब्ररी म्हणून लोड करायला नकार देतो, ते बरंच आहे. पण महिन्यापूर्वीच्या मास्टरसाठी बनवलेलं एक्स्टेंशन आजच्या मास्टरमध्ये लोड होऊन जातं, व्हर्जनचा आकडा तोच असतो ना, आणि आतली स्ट्रक्चर बदललेली असली की मग क्रॅश. सर्व्हर नवा बिल्ड केला की एक्स्टेंशन पण नवी करायची.

कंट्रोल फाईल सापडत नाही अशी एरर पीजी-स्टॅट-स्टेटमेंट्सला आली तर ती वेगळी गोष्ट, ते एक्स्टेंशन सोर्समधल्या कॉन्ट्रिब फोल्डरमध्ये असतं आणि साध्या मेकने ते फोल्डर बिल्डच होत नाही. मेक वर्ल्ड-बिन आणि इन्स्टॉल-वर्ल्ड-बिन वापरा. नुसतं वर्ल्ड केलं तर डॉक्युमेंटेशन पण बनवायला जातं आणि त्याच्या टूल्ससाठी अडतं.

वेग आणि असर्ट

एनेबल-कासर्ट लावून, ऑप्टिमायझेशन शून्यावर ठेवून बिल्ड केलं आणि मग नवीन व्हर्जन स्लो आहे म्हणून ग्राफ टाकले, असं करू नका. तो बिल्ड चुका पकडण्यासाठी आहे, सर्व्हर पावलोपावली स्वतःला तपासत असतो, त्यामुळे हळू चालणारच. वेग मोजायला वेगळ्या फोल्डरमध्ये वेगळा बिल्ड ठेवा.

पण टेस्टिंगसाठी कासर्ट लावाच. लॉगमध्ये ट्रॅप फेल्ड असर्ट अशी ओळ आली, स्वच्छ बिल्डवर परत आली, पुन्हा पुन्हा येतेय, तर ती ओळ सोन्यासारखी आहे. तिच्यात फाईलचं नाव आणि ओळीचा नंबर असतो. ती ओळ, बॅकट्रेस, गिटचा कमिट नंबर, पीजी-कॉन्फिगने सांगितलेले ऑप्शन आणि क्रॅश घडवणारं कमीत कमी एसक्यूएल एवढं एकत्र करून पोस्टग्रेसच्या बग्सच्या मेलिंग लिस्टला पाठवा. मेक चेक फेल झालं असेल तर रिग्रेशन-डॉट-डिफ्स ही फाईल पण जोडा, अख्खा लॉग नको.