शेफिल्डला नवीन आलात? कामाच्या योजनेतून माउंटन बाइक घेण्याआधी

दर सप्टेंबरात इंग्लंडातल्या शेफिल्डमध्ये आपली चार-पाच नवीन घरं येतात. कुणी हॉस्पिटलात नर्स, कुणी विद्यापीठात, कुणी आयटीत. घर, बँक, जीपीची (इथल्या फॅमिली डॉक्टरची) नोंदणी ही कामं उरकली की हमखास फोन येतो, "दादा, आमच्या ऑफिसात सायकलची योजना आहे म्हणे. निम्म्या किमतीत माउंटन बाइक मिळते. घेऊ का?"

जरूर घ्या. पण ती निम्म्या किमतीत मिळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. आणि पहिली सायकल डोंगरासाठी निवडू नका, कामावर जायच्या रस्त्यासाठी निवडा. नीट निवडली तर तीच डोंगरातही उत्तम चालते. मी उलटं केलं होतं आणि त्याची किंमत मोजली, म्हणून एवढं सविस्तर लिहितोय.

आधी योजना समजून घेऊ. तिचं नाव 'सायकल टू वर्क'. १९९९ च्या अर्थ कायद्याने ती आली. यात सायकल तुम्ही विकत घेत नाही. तुमची कंपनी घेते आणि तुम्हाला भाड्याने देते, बहुतेक ठिकाणी बारा महिन्यांसाठी. भाडं तुमच्या पगारातून कापलं जातं, पण कर लागायच्या आधी. त्यामुळे तेवढ्या रकमेवर इन्कम टॅक्स आणि नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) भरावा लागत नाही. एवढाच फायदा. पण कागदोपत्री मालक कंपनीच असते, आणि ही गोष्ट विसरली की पुढचे सगळे घोटाळे होतात.

आकड्यांत सांगतो. सायकल, हेल्मेट, कुलूप मिळून १,००० पौंडांचं पॅकेज घेतलंत. तुम्ही २० टक्क्यांच्या कर-टप्प्यात असाल तर २० टक्के टॅक्स आणि ८ टक्के नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे २८० पौंड वाचले. हातात येणाऱ्या पगारातून ७२० पौंड गेले, महिन्याला ६०. ४० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचे ४२० वाचतात. इथपर्यंत सगळेच सांगतात. पुढचं फार थोडे सांगतात: वर्ष संपल्यावर सायकल अजून कंपनीचीच असते. ती तेव्हाच स्वतःच्या नावावर करायची तर बाजारभाव द्यावा लागतो, आणि करखात्याच्या तक्त्याप्रमाणे ५०० पौंडांवरच्या सायकलीचा एका वर्षानंतरचा भाव मूळ किमतीच्या २५ टक्के धरतात. म्हणजे आणखी २५० पौंड. बचत जवळजवळ संपलीच. म्हणून बहुतेक योजनांमध्ये दुसरा मार्ग असतो: साधारण ७ टक्के अनामत भरून आणखी तीन वर्षं सायकल वापरायची, त्या काळात भाडं नाही. चार वर्षं झाली की तक्त्यातला भावही ७ टक्क्यांवर येतो, अनामत त्यात वळती होते आणि सायकल तुमची. या मार्गाने १,००० पौंडांची वस्तू ७९० ला पडते. म्हणून सही करण्याआधी एचआरला एकच प्रश्न विचारा, "बारा महिन्यांनंतर काय होतं?" उत्तर लेखी घ्या.

आता नवीन आलेल्यांना खास लागू पडणाऱ्या गोष्टी. कपातीनंतर तुमचा पगार कायदेशीर किमान वेतनाच्या खाली जाता कामा नये, त्यामुळे कमी पगाराच्या नोकरीत अर्ज नाकारला जाऊ शकतो. स्किल्ड वर्कर व्हिसावर असाल तर, तुमचा पगार व्हिसाला लागणाऱ्या किमान पगाराच्या अगदी काठावर असो वा नसो, एचआरमध्ये स्पॉन्सरशिपचं काम बघणाऱ्या व्यक्तीशी आधी बोला. करारातला पगार या योजनेत खरोखर कमी होतो, ही साधी वजावट नाही. घरात बाळाची चाहूल असेल तर बाईंनी स्वतःच्या पगारातून योजना घेताना थांबून विचार करावा, कारण मॅटर्निटी पे (बाळंतपणाच्या रजेतला पगार) सरासरी पगारावर ठरतो आणि तो कपातीनंतरचा धरतात. घरासाठी कर्ज काढायच्या बेतात असाल तर पेस्लिपवरचा आकडा कमी दिसेल, तेही लक्षात ठेवा.

आणि नोकरी सुटली तर? उरलेलं सगळं भाडं शेवटच्या पगारातून एकरकमी कापतात, तेही कर भरून झालेल्या पैशातून. माझ्या बाबतीत हेच झालं. इथली पहिली नोकरी मी आठव्या महिन्यात बदलली. नव्या शहरात डिपॉझिट भरायचं होतं आणि नेमक्या त्या महिन्यात चार महिन्यांचं भाडं एकदम गेलं. करारात ते स्पष्ट लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. ज्यांचं प्रोजेक्ट सहा महिन्यांत संपून परत जायचं आहे, त्यांनी या योजनेत पडूच नये. जुनी सायकल घ्यावी.

त्या पहिल्या सायकलीबद्दलही सांगतो. साताऱ्याच्या पोराला डोंगर दिसला की पाय शिवशिवतात, त्यात शेफिल्डचा जवळजवळ एक तृतीयांश भाग पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानात येतो. मी थेट फुल सस्पेन्शन घेतली, पुढे-मागे दोन्हीकडे शॉक असलेली. दिसायला देखणी होती. मी तेव्हा टेकडीवरच्या क्रूक्स भागात राहायचो आणि काम खाली मेडोहॉलकडे. सकाळी उतारावरून सुसाट जायचो, संध्याकाळी तो चढ चढताना प्रत्येक पायडलबरोबर मागचा शॉक खालीवर व्हायचा आणि ताकद अर्धी तिथेच जिरायची. मडगार्ड लावायला जागा नाही, कॅरिअर लावायला भोकं नाहीत. तिसऱ्या मजल्यावर उचलून न्यायला पंधरा किलो. नोव्हेंबरच्या पावसात पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन ऑफिसात शिरणं दोनदा झालं आणि मी ट्रामचा पास काढला. सायकल घरात उभी आणि भाडं चालूच.

शिवाय योजनेचीच अट अशी आहे की सायकलीचा निम्म्याहून जास्त वापर कामावर जाण्या-येण्यासाठी असावा. कुणी किलोमीटर मोजत नाही, वहीही ठेवावी लागत नाही, शनिवार-रविवारी खुशाल रानात जा. पण अट खरी आहे आणि ती मनापासून पाळावी असं मला वाटतं. योजना त्यासाठीच आहे.

तर पहिली सायकल हार्डटेल घ्या. हार्डटेल म्हणजे फक्त पुढे शॉक, मागची बाजू घट्ट. त्याच पैशात ब्रेक, गिअर, फोर्क (पुढचं चाक धरणारा दुहेरी दांडा, पुढचा शॉक त्यातच असतो) सगळं फुल सस्पेन्शनपेक्षा चांगलं मिळतं, चढावर ताकद वाया जात नाही आणि बिघडायला भाग कमी. दुकानात गेल्यावर व्हूडू बिझँगो, स्पेशलाइज्ड रॉकहॉपर, ट्रेक मार्लिन, जायंट टॅलन अशी नावं दिसतील. नावापेक्षा पुढच्या चार गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट फोर्क, आणि इथे जरा थांबतो, कारण आपल्या लोकांची फसगत इथेच होते. स्वस्त सायकलीत लोखंडी स्प्रिंगचा फोर्क असतो. तो बहुधा जड माणसाच्या हिशोबाने कडक ठेवलेला असतो. आपल्यातले कितीतरी जण ५५-६० किलोंचे. त्यांच्या वजनाला तो फोर्क दबतच नाही, म्हणजे शॉक असून नसल्यासारखा. हवेचा फोर्क असेल तर शॉक-पंपाने तुमच्या वजनाप्रमाणे हवा भरता येते. स्वार होऊन उभं राहिल्यावर फोर्क एकूण प्रवासाच्या (तो जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्या अंतराच्या) साधारण २० ते २५ टक्के दबला पाहिजे, दुकानदाराकडून तेवढं बसवून घ्या. १०० ते १३० मिलिमीटर प्रवास पुरेसा आहे. आणि लॉकआउटची कळ हवीच. डांबरी रस्त्यावर ती फिरवली की फोर्क घट्ट होतो.

दुसरी, ब्रेक. हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच घ्या. हे शहर टेकड्यांवर वसलंय, वर्षभर ओलं असतं, आणि इथल्या उतारांवर वायरचे ब्रेक ओढून बोटं दुखतात. तिसरी, गिअर. आता पुढे एकच दाती (दातेरी चकती) आणि मागे दहा, अकरा किंवा बारा असा संच असतो. तो चांगला, चेन कमी वेळा निसटते. मागची सर्वांत मोठी दाती पन्नासच्या आसपास दातांची असेल तर क्रूक्सचा, वॉकलीचा चढ बसून चढता येतो.

चौथी, माप. पाच फूट ते पाच-तीन उंचीच्या बायकांना दुकानात बऱ्याचदा 'सीट खाली करून देतो' म्हणत मीडियम फ्रेम दिली जाते. घेऊ नका. सीट खाली होते, पण हँडलपर्यंतचं अंतर कमी होत नाही आणि पाठ धरते. एक्स-स्मॉल किंवा स्मॉल मागा. लहान फ्रेमला २९ ऐवजी २७.५ इंची चाक असलं तर उलट बरंच आहे. दुकानात मॉडेल नसेल तर दुसऱ्या दुकानात जा, पण बाहेर रस्त्यावर दहा मिनिटं चालवल्याशिवाय हो म्हणू नका.

एक व्यवहाराची गोष्ट. योजना चालवणाऱ्या संस्था दुकानदाराकडून कमिशन घेतात. त्यामुळे सेलमधल्या सायकलीवर काही दुकानं व्हाउचर (योजनेतून मिळणारी खरेदीची चिठ्ठी) घेत नाहीत किंवा वर पैसे मागतात. आधी दुकानात विचारून लेखी कोटेशन घ्या, मगच कंपनीकडे अर्ज करा. आधी स्वतःच्या पैशाने सायकल घेऊन नंतर योजनेत बसवता येत नाही. १,००० पौंडांची जुनी मर्यादा २०१९ पासून सैल झाली आहे, पण तुमच्या कंपनीने स्वतःची मर्यादा ठेवलेली असू शकते. असेना का. पहिल्या सायकलीला तेवढे पुरतात.

त्या हजारात सगळे पैसे सायकलीवर घालू नका, दोनशे बाजूला ठेवा. हेल्मेट, दिवे, कुलूप, मडगार्ड योजनेत बसतं. कुलूप जाड डी-लॉक घ्या आणि त्यावर 'सोल्ड सिक्युअर' या कुलपं तपासणाऱ्या संस्थेचा गोल्ड शिक्का बघा. वायरचं कुलूप कात्रीसारख्या हत्याराने क्षणात तुटतं. सायकल चोरीला गेली तरी भाडं भरत राहावं लागतं, म्हणून विमा पहिल्या दिवसापासून हवा. घराच्या विम्यात सायकल घराबाहेर असताना धरली आहे का आणि एका वस्तूची मर्यादा किती, हे फोन करून विचारा. फ्रेमवरचा नंबर 'बाइक रजिस्टर' या सायकलींच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवा, पोलीस तिथेच शोधतात.

दिव्यांचं आपल्याकडच्या माणसाला पटत नाही, जोवर पहिला डिसेंबर येत नाही. इथे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि डिसेंबरात चारच्या आधी सूर्य मावळतो. म्हणजे घरी येताना रोज अंधार. अंधारात पुढे पांढरा, मागे लाल दिवा कायद्यानेच लागतो. मागे लाल आणि पायडलला पिवळसर रिफ्लेक्टरही. थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, ते चेन खातं. आठवड्यातून एकदा चेन पुसून ओल्या हवेचं तेल घाला.

आणि शेफिल्डपुरती एक फार महत्त्वाची सूचना: ट्रामचे रूळ. ते ओलांडायचे तर शक्य तेवढे काटकोनात, आणि रुळावर ब्रेक नाही, वळण नाही. ओल्या रुळावरून इथे भलेभले घसरलेत. माउंटन बाइकचा रुंद टायर फटीत अडकण्याची शक्यता कमी, हा हार्डटेलचा शहरातला मोठा फायदा. जमलं तर शहरातून मेडोहॉलकडे जाताना डॉन नदीकाठचा फाइव्ह वेअर्स वॉक धरा. रहदारी टळते, वाटेत कधी बगळा दिसतो.

आता डोंगर. इथे 'फुटपाथ' म्हणजे आपल्यासारखा रस्त्याकडेचा कट्टा नव्हे, रानातली पायवाट. तिच्यावर पिवळा बाण असतो आणि सायकलीला हक्क नाही. निळा बाण म्हणजे ब्रायडलवे. १९६८ च्या कायद्याने तिथे सायकलीला मुभा दिली, मात्र चालणाऱ्याला आणि घोड्याला आधी वाट द्यायची. घोडा दिसला की लांबूनच आवाज द्या, वेग कमी करा, गरज पडली तर थांबा. फाटक जसं असेल तसं सोडा, मेंढ्या असतात.

सुरुवातीला रिंगिंगलोजवळच्या लेडी कॅनिंग्जच्या झाडीत जा. इथल्या स्वारांनी लोकवर्गणी काढून तिथे सायकलीच्या वाटा बांधल्यात. 'ब्लू स्टील' ही निळ्या श्रेणीची, म्हणजे अवघडपणात हिरवीच्या वरची आणि लाल, काळीच्या खालची. दोन-तीन फेऱ्या तीच करा. मग शेजारच्या हाउंडकर्क रोडला लागा. तो जुना, खडबडीत, दगडगोट्यांचा रस्ता उघड्या माळावरून फॉक्स हाउस पबकडे जातो. ऑगस्टमध्ये तिथे हेदर नावाचं झुडूप फुलतं, नजर जाईल तिथे जांभळं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला कास आठवलं आणि मी सायकल आडवी टाकून बराच वेळ तिथेच बसलो होतो.

रिंगिंगलोपर्यंत चढ मोठा आहे, डांबरी आहे, फोर्क लॉक करूनच चढाल. माळावर शिरण्याआधी ती कळ आठवणीने सोडा.