तक्रार अर्जात ‘गैरवापर’, ‘दुरुपयोग’ की ‘अपहार’: योग्य शब्द कसा निवडावा

नागपुरातील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना उपनिबंधकांकडे द्यायचे अर्ज लिहून देताना मला एकच सल्ला पुन्हापुन्हा ऐकू येतो, तो म्हणजे ‘जितका जबर शब्द, तितकी लवकर दखल’. हा सल्ला घातक आहे, कारण पुराव्यापेक्षा मोठा शब्द लिहिला की चौकशी अधिकारी प्रथम त्या शब्दाचाच पुरावा मागतो आणि मूळ तक्रार बाजूला पडते.

प्रथम घटना क्रियापदाशिवाय मांडावी: रक्कम, तारीख, कोणत्या खात्यातून गेली आणि कोणाच्या सहीने.

त्यानंतर शब्द निवडावा. मलाही सर्वाधिक काळ याच टप्प्याने अडवले, म्हणून येथे घाई करू नये. पैसा अखेर कोणाच्या कामी आला, एवढेच स्वतःला विचारावे. सर्वसाधारण सभेच्या ठरावाविना सिंकिंग फंडातून (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या निधीतून) गणेशोत्सवाचा मांडव उभारला असेल, तर पैसा संस्थेच्याच आवारात, पण भलत्या कामासाठी खर्च झाला; येथे ‘निधीचा गैरवापर केला’ हेच बरोबर. सचिवाने आपल्या पदाच्या बळावर नातेवाइकाला कंत्राट मिळवून दिले असेल, तर ‘पदाचा दुरुपयोग केला’ असे लिहावे. वस्तू, जागा आणि निधी यांच्याशी मी ‘गैरवापर’ जोडतो, तर अधिकार, पद आणि विश्वास यांच्याशी ‘दुरुपयोग’. हा काटेकोर नियम नव्हे, पण असे लिहिलेले वाक्य वाचणाऱ्याला खटकत नाही.

‘अपहार’ मात्र वेगळ्या जातीचा शब्द आहे. त्यात दुसऱ्याची मालमत्ता अप्रामाणिकपणे स्वतःची करून घेण्याचा आरोप असतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये हा गुन्हा आहे, आणि पूर्वीच्या दंड संहितेत तो कलम 403 खाली होता. रक्कम विश्वासाने सोपवलेली असेल, तर कलम 316 चा फौजदारी विश्वासघातही विचारात येतो. ‘त्यांनी पैसे नंतर परत भरले, मग अपहार कसला?’ असे अनेक जण म्हणतात. परंतु कलम 314 च्या स्पष्टीकरणानुसार काही काळापुरता केलेला अप्रामाणिक अपहार हाही अपहारच ठरतो. उलट, खर्चाची पावती सापडत नाही एवढ्यावरून अपहार सिद्ध होत नाही. अशा वेळी ‘या रकमेचा हिशेब सभासदांना देण्यात आलेला नाही’ असे लिहून चौकशीची मागणी करावी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 83 मध्ये तशी तरतूद आहे. आपल्याकडे बोलताना ‘गबन केलं’ सहज म्हटले जाते, पण मराठी अर्जात तो शब्द घालू नये.

व्याकरणाकडेही लक्ष द्यावे. ‘निधी गैरवापर केला’ हे अशुद्ध आहे. ‘निधीचा गैरवापर केला’ असे षष्ठीचे रूप हवे. ‘अफरातफर’ स्त्रीलिंगी असल्याने ‘अफरातफर केली’, पण ‘अपहार केला’. कर्ता ठाऊक नसेल, तर ‘अध्यक्षांनी अपहार केला’ असे न लिहिता ‘अपहार झाल्याचा संशय आहे’ असे लिहावे.

एक इशारा मी प्रत्येकाला देतो. अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या आरोपाला न्याय संहितेतील बदनामीच्या कलम 356 मध्ये अपवाद आहे, मात्र तोच मजकूर संस्थेच्या व्हॉट्सॲप गटात टाकल्यास त्या अपवादाचा आधार मिळेलच असे समजू नये.

अर्जाची प्रत स्वतःकडे ठेवून तिच्यावर कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घ्यावी.